गाठ कोणी मारली?

मावशींच्या भावानं घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची पेटी त्यांच्याकडे पाठवून दिली. मावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या. वय अठ्ठावन्न, कात्री डाव्या हातात. पेटीत फुटकी पाटी, सुकलेली दौत, टाक आणि दुरेघी वही होती. वहीतला कित्ता बघून त्यांना हसू आलं. मग शेवटचं पान उलटलं आणि तिथला लाल शेरा बघून त्यांचं डोकंच फिरलं.

चौथीत बाई त्यांचा डावा हात नाडीनं बाकाला बांधून ठेवायच्या. उजव्या हातानं अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. एकदा घरी बसून त्यांनी डाव्या हातानं पानभर कित्ता गिरवला, मोत्यासारखा. बाईंनी त्यावर लाल शाईनं शेरा मारला : ‘दुसऱ्याकडून लिहून घेतले.’ वर्गात सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं. घरच्यांनीही बाईंचंच खरं मानलं.

बाई अजून होत्या, दोन गल्ल्या पलीकडे, लेकीकडे. मावशी वही घेऊन तडक निघाल्या.

“अगं, तेव्हा रीतच होती ती,” बाई म्हणाल्या.

“रीत कुणाचीही असू दे. गाठ तुम्ही मारत होतात. आणि चोर कुणाला म्हणालात? नऊ वर्षांच्या पोरीला!”

“इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार तुला?”

मावशींनी टेबलावरचं पेन डाव्या हातात घेतलं आणि त्याच पानावर खाली कित्त्याची तीच ओळ लिहिली. ‘ळ’ची गाठ तश्शीच वळली.

बाईंनी चष्मा पुसून दोन्ही ओळी पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. “वळण एकच आहे,” त्या पुटपुटल्या. पेन घेऊन शेरा खोडला, खाली सही केली. चुकले, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

“शेरा खोडला म्हणून झालं का सगळं?” घरी आल्यावर मावशी नवऱ्यावरच कडाडल्या.

गिऱ्हाइकांची मापं तोवर सून लिहायची. त्या शेऱ्यापासून आपलं अक्षर कुणाला दाखवायची मावशींना लाज वाटे. दुसऱ्या दिवशी सुनेनं मापांची वही उघडली, तेव्हा त्यांनी ती ओढून घेतली.

“तू काजं कर. मी लिहिते.”