गोदाक्का आणि वाघ्याचा भात

कुत्र्यासाठी शिजवलेला भात आधी स्वतः चाखणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सोलापुरात आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या गोदाक्का तो भात बोटांनी कुस्करायच्या, घास जिभेवर ठेवायच्या आणि मगच वाघ्यापुढं ताटली सरकवायच्या. "मुकं जनावर. गरम हाय का कच्चं हाय, त्यानं कुनाला सांगायचं? आपनच चाखावं की," म्हणायच्या.

गोदाक्का सांगोल्याकडच्या. नवरा वारला, मेंढरं विकली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला. त्या मात्र इथल्या एका शाळेत खिचडी शिजवायला राहिल्या. मेंढरांमागचा वाघ्या तेवढा बरोबर आणला होता. म्हातारपणी त्याच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी मीठ-मसाला बंद केला. मऊ भात, दुधी आणि अंड्याचं पांढरं एवढंच द्यायला सांगितलं. वाघ्या तोंड फिरवायचा. मग गोदाक्का मांडी घालून बसायच्या, हातानं भरवायच्या. "खा की रं. नखरं करायचं वय हाय का तुजं?"

त्या स्वतः कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायच्या. एकदा ती भाकरी घशात अडकली. पुढं भातही उतरेना. मुलानं येऊन दवाखान्यात दाखवलं. अन्ननलिकेचा कर्करोग होता, आणि बराच पसरलेला.

त्या दवाखान्यात होत्या तेव्हा वाघ्याचा भात मीच शिजवत होते, अगदी त्यांनी सांगितला तसा. त्यानं हुंगलासुद्धा नाही. दाराकडं तोंड करून पडून राहिला.

मुलगा त्यांना पुण्याला न्यायचं म्हणाला. मी म्हटलं, "वाघ्याला मी सांभाळते, अक्का."

"तू सांभाळशील गं पोरी. पन त्यो तुज्या हातचं खायचा न्हाय. उपाशी मरंल, आन तुला ते बगावं लागंल."

जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनीच बोलावलं. डॉक्टर वाघ्याला तपासून म्हणाले, "असंही याचं फार राहिलेलं नाही. पण घाई तर करत नाही ना?"

"मी हाय तवरच होऊ द्या," गोदाक्का म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी मटण शिजवलं. मीठ, तेल, काळा मसाला, सगळं घालून. वासानं त्यांना ओकारी येत होती. तोंडाला पदर लावून त्या चुलीपुढं बसल्या होत्या. वाघ्यानं ताटली चाटून पुसून काढली. मग त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. इंजेक्शन दिल्यावरही कितीतरी वेळ त्यांचा हात त्याच्या मानेवरून फिरत होता.

"जीव लावला तर शेवटचा हात बी आपलाच असावा," एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत.

माझ्या नवऱ्यानं आणि त्यांच्या मुलानं मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी गाडी आली. दिवाळीच्या आधीच त्या पुण्यात वारल्या, हे आम्हाला फोनवर कळलं.

गाडीत बसताना मुलगा त्यांच्या पायांवर शाल टाकत म्हणाला होता, "आई, तिकडं मोठे डॉक्टर आहेत. तू बरी होशील."

त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "व्हय की," म्हणाल्या.

गोदाक्कांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.