कुंभारीची पाटी

१७ जून १९७४ रोजी चन्नवीर हत्तुरे यांनी तीन रुपये पंचाऐंशी पैशांना पुठ्ठा, काळी शाई आणि चार रंगांच्या दोऱ्याची रिळं विकत घेतली. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात ते हिशेबनीस होते. बी.कॉम. होते, अक्षर छापल्यासारखं होतं, आणि निवृत्ती जवळ आल्यामुळे आपण कुणालाही काहीही शिकवू शकतो असा त्यांचा समज झाला होता. तो समज काढायला घरात कुणी नव्हतं असं नाही. पत्नी गौरम्मा रोज प्रयत्न करत होत्या.

गल्लीच्या टोकाला महानंदाबाई मंदबुद्धी मुलांचा वर्ग चालवत. हत्तुरे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, तिथे सकाळी जमाखर्च लिहायला म्हणून गेले आणि आठवड्याभरात शिकवायला बसले. बाईंनी त्यांच्या वाट्याला एकच विद्यार्थिनी दिली. कुंभारीची मल्लव्वा, सतरा-अठरा वर्षांची, अंगानं दणकट, हसरी. गावच्या शाळेत तिला एक अक्षर आलं नव्हतं. मात्र टॉवेलाची घडी ती अशी घालायची की कडेला कड लागावी. वर्गातल्या मोठ्या मुलींना त्या कामाची मजुरी मिळे.

तिची आई मायाक्का तिला रोज एसटीनं आणायची, न्यायची.

“दिवाळीपतुर आणते, अण्णा,” ती म्हणाली. “म्होरं मला मजुरी बुडवाया जमायचं न्हाय. पोरगी एकटी याया लागली तर बरं, न्हायतर बसंल घरी.”

येणं अवघड नव्हतं. गावातून गाडी सोलापूरलाच येई. जाणं अवघड होतं. स्टँडवर सगळ्या गाड्या लाल, आणि अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की मल्लव्वाची वाचाच बसे. तेव्हा तिला ‘कुंभारी’ एवढं वाचता आलं म्हणजे झालं.

अण्णांनी चार पाट्या केल्या: कुंभारी, बार्शी, माढा, अक्कलकोट. पाट्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्याला भोक पाडून वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. कुंभारीला हिरवा. आपल्या या व्यवस्थितपणावर ते बराच वेळ खूश होते.

मल्लव्वा शिकली. पावसाळा संपायच्या आत ती चारांतून कुंभारी बिनचूक उचलू लागली. उलटसुलट ठेवा, पाठीमागून काढा, हात हिरव्या दोऱ्याच्या पाटीवरच. अण्णांनी कारखान्यात पेढे वाटले. ‘वाचन शिकवण्याची शास्त्रशुद्ध रीत’ असा एक लेखही मनात लिहून काढला. त्यात स्वतःचं नाव दोनदा येत होतं.

मग मायाक्काला घेऊन ते स्टँडवर गेले. दोघं खांबाआड उभे राहिले आणि मल्लव्वाला पुढे सोडलं. ती पहिल्या गाडीपाशी गेली, वाकली, पाटीचा कोपरा बोटांनी चाचपला. मग दुसरीचा. मग तिसरीचा. कुंभारीच्या गाडीचाही चाचपला आणि पुढे गेली. शेवटी परत आली, रडवेली.

“अण्णा, दोरा न्हाय की.”

“कसला दोरा?” मायाक्कानं विचारलं.

अण्णांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज लेखातल्यासारखा राहिला नाही.

“म्हंजी दोन म्हैनं पोरगी दोरं वाचत हुती व्हय? वाचाया लावली हुती का शिवाया?”

खांबाआडच्या हमालालाही हसू आलं. अण्णांना पेढे आठवले.

दुसऱ्या दिवशी दोरे कापले. मल्लव्वाला काहीच येईना. चार दिवसांनी पुन्हा कुंभारी येऊ लागलं, तेव्हा त्या पाटीवर तेलाचा डाग पडल्याचं महानंदाबाईंनी दाखवलं.

“अण्णा, तुमच्या पाट्या फार छान आहेत,” बाई म्हणाल्या. “तेवढ्या फेकून द्या. वेगवेगळं लिहा, कशावरही लिहा. वाईट लिहा.”

वाईट लिहिणं अण्णांना जमेना. मुद्दाम वाकडं काढलं तरी त्याला एक वळण येई. मग ते लाज सोडून लोकांकडे मागायला लागले. चहावाल्या गुरप्पाकडून कोळशानं भिंतीवर, हमालांकडून पोत्यावर, गौरम्मांकडून रांगोळीनं दारात. कुणाचं ‘कुंभारी’ फुगलेलं, कुणाचं बसकं.

“नवरा म्हातारपणी भीक मागतोय, तीसुद्धा गावाच्या नावाची,” गौरम्मा म्हणाल्या. पण रोज रांगोळी काढली.

मल्लव्वा चुकायची, उठून घड्या घालायला जायची. ती परत येईपर्यंत अण्णा बसून राहायचे. अक्षरं तिला सुटी कधीच आली नाहीत. पण अख्खं नाव हळूहळू ओळखीच्या माणसासारखं झालं. फेटा बदलला तरी ओळखावं तसं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मायाक्का आलीच नाही. “आज तिची ती घरी यील,” असा निरोप तिनं मुलीबरोबरच धाडला. निरोपात अण्णांना स्टँडवर यायची सक्त मनाई होती. ते अर्थातच खांबाआड होते.

मल्लव्वा दोन गाड्या सोडून तिसरीपाशी थांबली. रंग उडालेल्या पाटीवरून तिनं बोट फिरवलं, ओठ हलले, आणि ती चढली. गाडी सुरू झाली तशी अण्णांना धीर निघाला नाही. धावत जाऊन तेही चढले. कंडक्टरनं तिकीट विचारलं. त्यांच्याकडे दहाची नोट होती, त्याच्याकडे सुटे नव्हते.

“अण्णा, तुमी कुटं?” मल्लव्वानं विचारलं.

“कुंभारीला.”

“पाटी बगितली का?”

त्यांनी पाहिली नव्हती.

“बगून चढावं की,” ती म्हणाली. पदराच्या गाठीत आईनं अडीनडीला जास्तीची नाणी बांधून दिली होती. ती सोडून तिनं त्यांचं तिकीट काढलं.

दिवाळीनंतर ती एकटी येऊ लागली. चन्नवीर हत्तुरे यांच्याकडून तिला तिकिटाचे पंचेचाळीस पैसे येणे आहेत.