पाहणी माझी, माणसं आईची

आयुष्यात मला एकाच बाईचा खराखुरा मत्सर वाटला आहे, आणि ती माझी आई आहे.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मला कॉलेजच्या मॅडमकडे संशोधनाचं काम मिळालं. मुरबाड तालुक्यातल्या बायकांमधल्या रक्तक्षयाची पाहणी! गाव धसईजवळचं, आईच्या माहेरच्या वाटेवरचं. "एकटी कशी जाशील?" म्हणत वाशिंदच्या घरून तीही निघाली. (पिशवीत माझे फॉर्म खाली, तिचे लाडू वर!)

पहिल्याच घरी मी ताराबाईंना विचारलं, "गेल्या चोवीस तासांत आपण कोणत्या लोहयुक्त पदार्थांचं सेवन केलंत?"

ताराबाईंनी आईकडे पाहिलं. "काय बोलते गो ही?"

"काल काय रांधलंस, इचारते ती."

झालं! कालची भाजी, परवाची आमटी, सुनेचं बाळंतपण, ताराबाईंनी सगळं सांगितलं. आईला! मी कोपऱ्यात बसून लिहून घेत होते. पाणीसुद्धा मला आईनंतर मिळालं.

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी "आज सुट्टी आहे" अशी थाप मारून मी एकटीच एसटीत बसले.

त्या दिवशी गावच्या आशाताई बोट टोचून रक्त तपासणार होत्या. ताराबाईंच्या पडवीत बायका जमल्या, पण जी ती विचारी, "आई नाय आली?" बोट मात्र कोणी पुढे करेना.

"अहो, काही दुखत नाही! आशाताई, आधी माझं टोचा!" मी ऐटीत म्हटलं.

टोचलं. लाल थेंब आला. मग पडवी हळूच डावीकडे कलली...

शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं ताराबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या फोनवर ओरडत होत्या, "लवकर ये गो, तुजी पोरगी आडवी पडलेय!"

आई आली. "सुट्टी ना?" एवढंच म्हणाली आणि पदर खोचून बसली. एकेकीचा हात धरून ती गप्पा मारी, तेवढ्यात आशाताई टोचून मोकळ्या! मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेवटी आईने माझाही फॉर्म काढला.

"काल काय खाल्लंस?" ताराबाईंनीच विचारलं.

"काकडी."

"आनि परवा?"

"...काकडी. डाएट चालू आहे."

सगळी पडवी फिसकन हसली.

अहवालात मॅडमनी खास आभार मानले ते आईचे. मी आहे शेवटच्या तक्त्यात, तीव्र रक्तक्षयाच्या रकान्यात. अख्ख्या पाहणीत तिथे मी एकटीच, म्हणजे पहिली. तिथे काही आईला मला मागे टाकता आलेलं नाही!