सहाव्या ग्रंथीचा काप

लॅबमध्ये तिला सगळे 'फौजदारीण' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! शरीरातून काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवायची, तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरवून काचेवर उचलायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. एका रुग्णाचा कण पाण्यात राहिला तर तो दुसऱ्याच्या काचेवर चढतो, आणि पसरला नसताना कॅन्सर पसरल्याचा रिपोर्ट जातो. म्हणून दर ठोकळ्यानंतर ती पाण्यावरचे कण टिपकागदानं टिपून काढायची. न टिपणाऱ्याची चारचौघांत बिनपाण्यानं करायची. एकानं तर तिच्या जाचानं नोकरीच सोडली.

कॅन्सरच्या पेशींशी तिची उघड खुन्नस. "मेल्यांना थांबणं ठाऊकच नाही. बाकीच्या पेशी गुमान वाढतात, वेळ आली की मरतात. ह्या फुगत सुटतात, भिंत पोखरतात, वाट मिळाली की दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. स्तनातून निघाल्या की आधी काखेत!"

मग धाकट्या बहिणीची स्तनातली गाठ आणि काखेतल्या ग्रंथी तिच्याच टेबलावर आल्या. काखेत नसेल तर ऑपरेशनवर भागण्याची आशा होती. "ताई, तिथे गेला नसेल ना गं?" बहिणीनं दहादा विचारलं होतं.

"दुसऱ्या कुणाला द्या," लॅबचे डॉक्टर म्हणाले.

"ह्या वेंधळ्यांना? अजिबात नाही," ती उखडली. काप तिनंच काढले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "सहाव्या ग्रंथीत पेशी दिसताहेत."

"माझं पाणी घाण होतं," ती ताडकन म्हणाली. "टिपलं नव्हतं मी. आधीच्या रुग्णाचा कण आहे तो. मेमो द्या, काढून टाका मला, पण रिपोर्ट थांबवा!"

सगळी खोली ऐकत होती. जन्मात एक चूक कबूल न केलेली बाई ओरडून ओरडून स्वतःवर आळ घेत होती.

तिनं पाणी बदललं, पातं बदललं, त्याच ठोकळ्यातून आणखी खोलवरचे चार काप काढले. काचांना रंग चढेपर्यंत तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. या वेळी तिनंच आधी पाहिलं. चारही कापांत पेशी होत्या, ग्रंथीच्या पार आत, कालच्यापेक्षा जास्त.

डॉक्टरांनीही पाहिलं. "तुमचं पाणी स्वच्छच होतं," ते हळूच म्हणाले.

"माहितेय मला!" ती खेकसली. "माझं पाणी कधी घाण असतं का? लिहा, पसरलाय म्हणून."