साखळीतली करंगळी

रघू गेल्याची बातमी हसननं आणली. मी शाळेच्या मैदानावर पोरांची कवायत घेत होतो आणि हा बंदरावरून पळत आला, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंगाला मासळीचा वास. म्हणाला, "मास्तर, रघू माडावरनं पडला." मी विचारलं, "जिता हाय ना?" त्यानं मान हलवलीन. मी हातातली शिट्टी जमिनीवर अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले, आणि समोरची पोरं कुणी न सांगता घरी पळाली. माझा राग रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी राग कुणावर काढायचा तेच कळेना... माडावर? देवावर? की त्या दोन वाड्यांवर, ज्यांनी दहा वर्षं त्याला चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवला?

आज लिहायला बसलोय तो त्या वाड्यांवरच राग काढायला, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना गोड गोड श्रद्धांजली वाचायची सवय आहे त्यांनी पान उलटावं.

रघू आणि मी दोघंही कातळवाडीचे. आमच्या वाडीला मैदान असं नव्हतंच. वर सडा, उघडा कातळ, त्यावर पावसाळ्यात तेवढं गवत. आम्ही हुतूतू खेळायचो तो त्या कातळावर. पडलं की कातडं सोलून निघायचं. गुडघे, कोपरं, ढुंगण, सगळं लाल. घरी गेलं की आई खोबरेल लावायची आणि लावता लावता पाठीत धपाटेही घालायची. रघू माझ्यापेक्षा बुटका, पण मांड्या अशा की लाथ बसली तर बैलानंही खाली बसावं. त्याच्या एका लाथेनं माझा पुढचा दात गेला. तो दात त्यानं कातळावरून शोधून माझ्या हातात दिलान आणि म्हणाला, "घे मेल्या, तुजाच हाय. पुन्हा आडवा येशील?" मी पुन्हा आडवा गेलो. आमची दोस्ती ही अशी होती.

साखळी ही त्याचीच युक्ती. हुतूतूत समोरचा गडी दम घुमवत आपल्या अंगणात शिरला की त्याला पकडायला दोघं दोघं हात धरून उभे राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बाकी सगळे मनगट आवळून धरायचे. चढाई करणारा दांडगा असला की मनगटावर हात आपटायचा, साखळी तोडायचा आणि मोकळा व्हायचा. रघू म्हणाला, मनगट धरायचंच नाही. फक्त करंगळीत करंगळी अडकवायची. समोरचा अंगानं धडकला की साखळी आपण होऊन उघडायची, त्याला वाटतं आपण पार झालो, आणि त्याचं पाऊल आत पडलं की दोघांनी दोन्हीकडून पाय उचलायचे. कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे बोलायचं नाही, करंगळीला हिसका द्यायचा. दोन हिवाळे आम्ही संध्याकाळी नुसते करंगळी अडकवून सड्यावर चालायचो, बाया हसायच्या. पण त्या साखळीत सापडलेला गडी जिवंत परत गेला असं फारसं कधी झालं नाही. किती जणांची डोकी आम्ही कातळावर आपटली असतील, देव जाणे. तेव्हा आम्हाला त्यात मजाच वाटायची, खोटं कशाला बोलू?

मग रघूचं लग्न झालं. चार भावांतला तिसरा, जमीन पायरीएवढी. खाडीपलीकडच्या बंदरवाडीत भिकाजीबाबांची एकुलती एक मुलगी यशोदा, आणि बाबांना बागेला माणूस हवा होता. रघू घरजावई गेला. झालं! कातळवाडीत त्याचं नाव निघालं की लोक थुंकायचे. "बायकोच्या घरी भाकरी मोडतो." आणि बंदरवाडीत? तिथं तो "भिकाजीचा जावई." नाव नाहीच. शिमग्याला दोन्हीकडे ग्रामदेवतेची पालखी नाचते, आणि तिला खांदा द्यायचा तो गावकीतल्या माणसानं. बंदरवाडी म्हणाली, घरजावयाला पालखीचा मान नाही. कातळवाडी म्हणाली, आमच्यातून तू गेलास. रघू दोन्ही पालख्या लांबून बघायचा. त्याला जगात दुसरं काही नको होतं हो. त्याला एका पालखीखाली खांदा हवा होता, कुठल्याही एका.

तेव्हा रत्नागिरीत हुतूतूचे मोठे सामने सुरू झाले होते आणि जिंकणाऱ्या वाडीला चांदीची ढाल मिळायची. ढाल आली तशी लबाडीही आली. पैसेवाल्या वाड्या मुंबईच्या तालमीतले पैलवान उतरवून "हा आमचा भाचा" म्हणून उभे करू लागल्या. म्हणून पंचांनी नियम केला : सात गडी, त्यांत बाहेरचा पाहुणा फक्त एक. नियम चांगलाच होता. आणि त्या वर्षी शेवटच्या सामन्यात समोरासमोर कोण आलं? कातळवाडी आणि बंदरवाडी. बंदरवाडीकडे पाहुणा ठरलेला होता, हाच हसन, पलीकडच्या किनाऱ्यावरचा, गलबतावर वाढलेला, पकडीला मगरीसारखा. त्यांचा पुढारी धोंडू यानं रघूचं नाव घरच्या गड्यांत घातलंन.

माझा चुलता बाबलकाका तिथंच ओरडला, "ह्यो त्यांचा कसा? ह्येका त्यांच्या पालखीला खांदा हाय काय, विचारा!" पंचांत तात्या म्हणून मोठे होते, शिस्तीचे. त्यांनी धोंडूकडे बघितलं. "खांदा आहे का?" धोंडू ढालीकडे बघू लागला. तात्या बाबलकाकाकडे वळले, "मग तुमचा म्हणायचा?" काका म्हणाला, "आमचा? छ्या! आमचा तो मेला कवाच." आणि रघू मध्ये उभा, अंगाला तेल लावून, लंगोट कसून, सगळं ऐकत... तात्यांनी निकाल दिला : रघू पाहुणा. म्हणजे धोंडूनं एक निवडायचा, हसन किंवा रघू. धोंडू बावळट नव्हता. हसन जास्त ताकदीचा, पण आमची साखळी आतून ठाऊक असलेला माणूस एकच होता. त्यानं हसनला बसवलं. हसननं रघूचा खांदा दाबलान आणि रेघेबाहेर जाऊन बसला.

त्या सामन्यात जे झालं त्याला खेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्याच डावात आमच्या एका गड्याचं नाक फुटलं, त्यांच्या एकाचा खांदा निखळला, आणि लोक "मार, मार" ओरडत होते. रेघ चुन्याची होती ती लाल झाली. माझ्या जोडीला रघूच्या जागी दुसरा पोरगा होता, त्याला साखळी मी शिकवली होती. शेवटी आमचे तीन राहिले, त्यांचे दोन, आणि रघू आला. हुतूतूतूतू... तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. तो माझ्याकडेच आला. धडकला नाही. धडकला असता तर साखळीत सापडला असता. तो खाली वाकला, आमच्या हातांच्या खालून हात घातलान आणि वर झटका दिलान. ती करंगळी खालून उपटली की जाते, हे जगात फक्त त्याला आणि मला माहीत होतं. कट्कन आवाज झाला, ऊस मोडावा तसा. आम्हा तिघांना शिवून तो रेघेवर पालथा पडला, आमचा एकही गडी उरला नाही, लोण झालं. बंदरवाडीनं ढाल घेतली. माझं बोट उलटं वळून मनगटाकडे बघत होतं.

तुम्ही म्हणाल, तुला तेव्हा त्याचा राग आला असेल. आला ना! असा आला की डोळ्यांपुढे अंधार आला. त्याच हातानं त्याचा गळा धरावा म्हणून मी बंदराच्या वाटेनं गेलो. तिथं पोचलो तर आमची वाडी आधीच पोचली होती. बाबलकाका, पाचसहा जण, हातात वल्ह्यांचे तुकडे, पोफळीची दांडकी. रघूला भिंतीशी घेतलेला. डोक्यातून रक्त डोळ्यांत येत होतं आणि तो नुसता हातांनी वार झेलत होता. आणि पन्नास पावलांवर धोंडू आणि सारी बंदरवाडी होडीजवळ उभी, ढाल हातात! मी ओरडलो, "अरे तुमचा माणूस मरतोय!" धोंडू म्हणाला, "त्यांच्या घरचा भांडान हाय. आमी कसे मधी पडणार?"

तेव्हा माझा राग रघूवरून जो उठला तो आजपर्यंत त्याच्यावर बसलेला नाही. मी बाबलकाकाच्या पायांत शिरलो आणि सख्ख्या चुलत्याला उचलून दगडांवर आपटला. मग मलाही बसल्या. पाठीत, बरगडीत, कानावर. एकाच्या दंडाला मी चावलो, रक्ताची चव जिभेवर आली तरी सोडला नाही. रघूच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि हात पुढे केला. तो म्हणाला, "बोट मोडलाय तुजा." मी म्हटलं, "तूच मोडलास, भोगतोय." "मंग ह्या बाजूला ये मेल्या, दुसरा हात दे." मी दिला. आमची साखळी झाली आणि जो पुढे आला तो खाली गेला. शेवटी हसननं होडीतून उडी मारलीन, हातात लोखंडी आकडा, आणि नुसता तो आमच्या पुढे उभा राहिला तशी आमची शूर वाडी पांगली. आपल्या जागी ज्याला खेळवलं त्याच्यासाठी हा एकटा आला होता.

पुढच्या वर्षी दोन्ही वाड्या रघूच्या दारात. या वर्षी आमच्याकडून खेळ. ह्यानं एकच सांगितलं, "पालखीला खांदा द्या, मग खेळतो." धोंडू म्हणाला, "खेळ वेगळा, पालखी वेगळी." बाबलकाकाही तेच म्हणाला, नेमके तेच शब्द. रघू पुन्हा कधी रेघेवर उभा राहिला नाही. माड चढायचा, नारळ उतरवायचा, शिमग्याला ढोल वाजले की बागेच्या खालच्या टोकाला जाऊन कुदळीनं खणत बसायचा. कशाला खणतोस विचारलं तर म्हणायचा, "माडांना आळी करतोय." शिमग्यात कसली आळी? मी कित्येकदा म्हटलं, सोड रे तो हट्ट. तो हसायचा. पण त्या खणण्यात काय जोर असायचा तो मी बघितलाय.

तर रघू गेला त्या दिवशी हसन आणि मी खाडी उतरून बंदरवाडीत पोचलो. अंगणात तिरडी बांधलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन वाड्या भांडताहेत. कातळवाडी म्हणते, रक्त आमचं, खांदा आम्ही देणार. बंदरवाडी म्हणते, इथं राहिला, आमचाच. ढकलाढकली झाली, कुणाचा तरी पाय लागून तिरडी कलंडली आणि रघूचा हात पांढऱ्या कापडातून बाहेर आला. मी मुठी वळल्याच होत्या. तेवढ्यात यशोदा वहिनी दारात आली. केस सुटलेले, डोळे कोरडे. म्हणाली, "ज्यांनी त्यांना पालखीला खांदा लावू दिला नाय, त्यातला एक जरी हिता शिवला तर कोयता घेईन." मग माझ्याकडे वळली, "बाळा भावजी, तुमी व्हा पुढं. हसनभाय, तुमीपन." कुणीतरी पुटपुटलं, हसन कसा चालेल? ती त्याच्या अंगावरच धावली, "ढाल मिळवायला चालला! आता नाय चालत?"

पुढे मी आणि हसन, मागे आम्हाला तरीतून आणणारा पांडू आणि म्हातारे भिकाजीबाबा. बाबा पाणंदीपर्यंत आले आणि त्यांचे गुडघे गेले. तिरडी मागून कललेली मला जाणवली आणि लगेच सावरली. मी वळून बघितलं, धोंडू खाली शिरला होता, मान घालून, रडत. मी त्याला हाकललं नाही. वहिनी घरी होती, आणि ओझं खरंच जड होतं.

परवा शिमगा झाला. सुतक फिटलं होतं. मी वहिनीला भेटायला गेलो होतो, आत माजघरात बसलो होतो, खुंटीला रघूचा माड चढायचा काथ्याचा फास तसाच टांगलेला. ढोल जवळ आले. बंदरवाडीची पालखी अंगणात येऊन थांबली आणि धोंडूचा आवाज आला, "वहिनी, दार उघडा. देव आलाय. रघूच्या नावानं खांदा ठेवलाय मोकळा." वहिनी उठली. मला वाटलं उघडते. तिनं आडणा सरकवून दार पक्कं केलंन आणि माझ्यासमोर येऊन बसली. बाहेर ढोल वाजतच होते. माझा उजवा हात मांडीवर पडला होता. हाडवैद्यानं बसवलेली ती करंगळी कधी सरळ झालीच नाही, हात मोकळा असला की आकड्यासारखी बाहेर वळून राहते, शेजारी कुणी उभं असल्यासारखी. वहिनीनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"धरूनच हाय अजून," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.