चौदा नंबरच्या बसमधली बैठक

डोरीन पाव्लिकला काउंटीच्या आर्थिक विकास सल्लागार मंडळावर घेतलं, तेव्हा अध्यक्ष एलरी माझ्या टेबलावर रेलून म्हणाले होते, "शाळेची बस चालवणारी एक बाई असलेली बरी, पेग. फोटोत छान दिसतं." एलरी बँकेतले. फोटोचं त्यांना फार.

मी या मंडळाची कारकून. आमचं मंडळ म्हणजे नऊ बिनपगारी माणसं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कोर्टाच्या तळघरात बसायचं, कुठला रस्ता रुंद करावा, कुठल्या ओस जागेवर कारखाना बोलवावा हे ठरवायचं आणि काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांना कळवायचं. कमिशनरांनी ऐकलं तर ऐकलं. शेवटी लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. टेबलावरचा दिवा हिरव्याचा लाल झाला की गप्प बसायचं.

लोकांना म्हणजे लायल हॉकेटना. दुसरं कोणी येतच नसे. नऊ वर्षं हा म्हातारा प्रत्येक बैठकीला यायचा, पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसायचा आणि आपली तीन मिनिटं आमच्यावर आग पाखडायचा. मी इतिवृत्तात लिहायची, "श्री. हॉकेट बोलले." बस्स, एवढंच. काय बोलले, ते कधी लिहिलं नाही. ऐकतच नव्हते मी, खोटं कशाला सांगू!

डोरीन मात्र मंडळावर एकच शब्द बोलायची. तिची पाळी आली की ती म्हणायची, "एकोणीस."

पहिल्यांदा एलरींनी विचारलं, "काय एकोणीस?"

"मुलं. माझ्या बसमधली. एकोणतीस वर्षांपूर्वी मिलब्रुकच्या रस्त्यावर मी बस घातली तेव्हा बावन्न होती. पत्रा-पाइप दाबून भाग बनवणारा प्रेसचा कारखाना बंद पडला आणि घरं रिकामी व्हायला लागली. पंधराच्या खाली गेली की मिलब्रुकची शाळा बंद. शाळा गेली की गाव गेलं. तुम्ही तुमचे तक्ते बघा, मी माझी सीटं मोजते."

जूनमध्ये बातमी आली! हॉस्पिटलच्या खाटा बनवणारी एक कंपनी नवा कारखाना काढणार होती. दोनशे माणसांचं काम! जागा आमच्या मिलब्रुकमधली किंवा शेजारच्या काउंटीतली. कंपनीच्या ओडमबाई एक दिवस येऊन पाहणार आणि त्यावरच ठरणार. डोरीनने ते ऐकलं आणि बसल्या जागी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं.

पाहुणीला फिरवायला डोरीनचीच, शाळेची चौदा नंबरची बस मिळाली, सुट्टीच होती. पण एक अडचण होती. आमच्याकडे कायदा असा, की मंडळातले निम्म्याहून जास्त लोक एकत्र येऊन कामाचं बोलले की ती बैठकच झाली. बैठक म्हटली की एक दिवस आधी नोटीस लावायची आणि येईल त्याला येऊ द्यायचं. म्हणून आमचे सदस्य कॉफीच्या भांड्यापाशीसुद्धा मोजून उभे राहतात. पाचवा आला की एकजण आपला कप घेऊन बाहेर. एलरींनी फर्मान काढलं: बसमध्ये चौघंच. ते स्वतः, दोन सदस्य आणि गाडी चालवायला डोरीन. मीही बरोबर, पण कारकून मोजणीत धरत नाहीत.

आदल्या दिवशी सकाळी डोरीन माझ्याकडे आली. "पेग, नोटीस टाइप कर. उद्या दहाला चौदा नंबरच्या बसमध्ये मंडळाची बैठक. थांबे पण लिही."

"अगं, पण तुम्ही चौघंच आहात ना?"

"आपल्या मंडळातल्या बर्नीला ओळखतेस ना तू? त्याला घरी बस म्हटलं, म्हणजे तो येणारच."

मी नोटीस टाइप केली आणि कोर्टाच्या फलकावर लावली. एलरींनाही एक प्रत पाठवली. त्यांनी वाचली नाही. ते कधीच काही वाचत नाहीत, फक्त सह्या करतात.

ओडमबाई आल्या त्या घड्याळाकडे बघतच. उंच, गंभीर, हातात वही. एलरींनी गोल्फचं मैदान दाखवलं, नवा मॉल दाखवला, चकचकीत कागदांची चळत त्यांच्या मांडीवर ठेवली. बाई पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, "जागा छान आहे. पण यंत्रावर काम करणारी माणसं कुठं आहेत?"

"पान बारावर बघा ना," एलरी म्हणाले.

"पान बारावर टक्के आहेत, मिस्टर एलरी. मी माणसं विचारतेय. शेजारच्यांनी काल मला वीस माणसं समोर उभी करून दाखवली."

आरशात डोरीनचा चेहरा दिसत होता. पांढराफटक पडला होता. गेलं, सगळं गेलं असंच वाटलं.

तेवढ्यात पेट्रोल पंपापाशी एक गुबगुबीत माणूस हात हलवत रस्त्याच्या मधोमध उभा! बर्नी कॉस्टिगन, डोनटवाला, आणि आता बसमधला पाचवा सदस्य. छातीशी दोन खोकी. डोरीनने ब्रेक मारला, दार उघडलं आणि बर्नी धापा टाकत वर चढला.

"पाहुणीला उपाशी फिरवता का रे? लाज नाही वाटत?"

"बर्नी, खाली उतर!" एलरी ओरडले. "पाच झालो! पाच झालो ना आपण! बेकायदेशीर बैठक! पेपरात येईल!"

"आता बसलो की मी. आधी एक खा, मग ओरड."

"नोटीस लावलीय, मिस्टर एलरी," डोरीन रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "कालच. बैठक कायदेशीर आहे. पेग, लिहायला घे, दहा वाजून चाळीस मिनिटांनी कोरम पूर्ण."

मी घाईघाईने वही उघडली. पण खरा धक्का पुढेच होता. मिलब्रुकच्या शाळेपाशी, नोटिशीत लिहिलेल्या थांब्यावर, लायल हॉकेट उभे होते! फलक वाचणारा अख्ख्या काउंटीतला एकटा माणूस! आणि एकटेही नव्हते. मागे चौदा जण, पिकलेले केस, रुंद पंजे, काहींच्या अंगात जुने प्रेस कारखान्याचे शर्ट.

"थांबवू नकोस, डोरीन," एलरी पुटपुटले. "हात जोडतो तुला. आज नको तो माणूस."

"थांबा आहे," डोरीन म्हणाली आणि दार उघडलं.

चौदा माणसं लहान मुलांच्या त्या बुटक्या सीटांवर गुडघे दुमडून बसली. हॉकेट मधल्या वाटेत उभे राहिले. "लोकांना बोलायची वेळ आहे ना? माझी तीन मिनिटं लाव, पेग."

मी घड्याळ लावलं.

"नऊ वर्षं!" त्यांनी एलरींवर बोट रोखलं. "नऊ वर्षं मी या बहिऱ्यांना सांगतोय. प्रेस बंद झाली, पण प्रेस चालवणारे मेले नाहीत! एकेचाळीस जण आहेत या गावात. कुणी दुकानात सामान भरतो, कुणी दीड तास गाडी हाकून गोदामात जातो. यादी दर वर्षी नवी करतो मी. नाव, पत्ता, कुठलं यंत्र येतं, सगळं आहे." त्यांनी खिशातून घडी पडून झिजलेला कागद काढला. "आणि हे म्हातारे पोरांना शिकवायला तयार आहेत. शाळेची अर्धी इमारत रिकामी पडलीय. तिथली वर्कशॉपची खोली कुलूप लावून ठेवलीय यांनी!"

ओडमबाई उठल्या. कागद हातात घेतला. एकेका नावावर बोट ठेवत वाचत गेल्या, मग मागे वळल्या. "यातले विटाक कोण?"

मागच्या सीटवरून हात वर आला. "मी, बाई."

"पाइप वाकवायचं यंत्र? किती वर्षं?"

"बावीस."

बाई खाली बसल्या, एलरींच्या चकचकीत कागदांवरच, आणि भराभर लिहायला लागल्या. मी जागेवरून ओरडणारच होते, कसाबसा तोंडावर हात ठेवला.

आणि डोरीन! तिने हँडब्रेक ओढला, लाल दिवे लावले, बाजूची थांबा-पाटी बाहेर काढली. शाळेच्या बसची ती पाटी दिसली की थांबायचा कायदाच आहे, दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. मगच ती सीटवरून वळली. "कोरम आहे ना? मग मी ठराव मांडते. मिलब्रुक शाळेचं वर्कशॉप उघडावं, या लोकांनी तिथे शिकवावं, अशी कमिशनरांना शिफारस."

"अनुमोदन!" बर्नी तोंडातल्या डोनटसकट ओरडला.

पाचच्या पाच हात वर. एलरींचा शेवटी, पण वर. बर्नी चढला नसता तर चौघांना तो ठराव करताच आला नसता! बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, आत म्हातारे सीटांवर थापा मारत होते, आणि मी लिहीत होते. पहिल्यांदा हॉकेट काय बोलले ते शब्द न् शब्द लिहिलं. लिहिताना मला माझीच लाज वाटली.

त्या वेळी कमिशनरांनी ऐकलं. ऑगस्टमध्ये कंपनीचं होकाराचं पत्र आलं. त्यात जागेबद्दल दोन ओळी होत्या आणि यादीबद्दल पाऊण पान. डोरीनने ते पत्र माझ्यासमोर तीनदा वाचलं आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

कारखाना सुरू व्हायला सव्वा वर्ष लागलं. परवाच्या मंगळवारी बैठकीत डोरीनची पाळी आली. ती उभी राहिली. एरवी कधी उभी राहत नाही.

"सव्वीस," ती म्हणाली.

बर्नीने टाळ्या वाजवल्या, एलरींनीसुद्धा. मग लोकांची वेळ आली. एलरींनी सवयीने हिरवा दिवा लावला आणि म्हणाले, "बोला, मिस्टर हॉकेट."

मी पेन्सिलीला टोक करून, कोरं पान उघडून तयार होते. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. हॉकेटना दुसरी पाळी होती, कारखान्यात. दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला. एलरींनी तो मध्ये बंद केला नाही, आणि तीन मिनिटं आम्ही कोणीच बोललो नाही.