रुग्णाशी नाते : भाऊ

मोतीरामजी पराते यांना टक्कर ऐकू यायच्या आधी ब्रेक ऐकू यायचा. कामठीहून कन्हानकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणाला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिनाचे पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याचं घमेलं. रस्त्यावर टायर घासल्याचा आवाज आला की हा साठीचा माणूस हातातली ट्यूब पाण्यात तशीच सोडून उठायचा आणि धावत सुटायचा. गिऱ्हाईक मागून ओरडायचं, "काका, माझी गाडी!" ते वळूनही न बघता म्हणायचे, "तुह्या गाडीची हवा गेली गा, त्याचा जीव चालला."

मी नागपूरच्या कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवते. या कामात माणसं भेटतात ती त्यांच्या वाईट वेळी, आणि काम संपलं की ती मला विसरू पाहतात. मीही त्यांना विसरते. मोतीरामजींबद्दल लिहिते आहे, कारण त्यांच्याविषयी सरकारी दप्तरात एकच ओळ आहे आणि ती चुकीची आहे.

वैशाली माझी अशील. कन्हानची, तिशीच्या आतली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. तिचा नवरा प्रकाश भर दुपारी मोटारसायकलवरून घरी येत होता. समोरून एक कार ट्रकला ओव्हरटेक करत त्याच्या बाजूला आली आणि तिने त्याला उडवलं. दोन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. पोलीस पोचले तेव्हा कार रस्त्याच्या कडेला नीट लावलेली होती. कारवाल्याने सांगितलं, मोटारसायकलच अचानक आडवी आली. पंचनाम्यात तेच उतरलं आणि गुन्हा नोंदवला गेला तो मेलेल्या माणसावर. चूक कारवाल्याची होती हे सिद्ध झाल्याशिवाय वैशालीला भरपाई मिळणार नव्हती आणि पोलिसांच्या कागदात एकाही साक्षीदाराचं नाव नव्हतं.

मी स्वतः त्या वळणावर गेले. पानठेलेवाल्याने काही बघितलं नव्हतं. रसवंतीवाला म्हणाला, त्या दिवशी मी गावी होतो. मोतीरामजी घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

"तुम्ही तो अपघात बघितला का?" मी विचारलं.

"पाह्यला म्हणजे? मीच उचललं त्याले. बसा जी. स्टूल पुसून देतो, ग्रीस हाय."

मी उभीच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. ट्रक कुठे होता, कार कुठून निघाली, प्रकाश कोणत्या बाजूला पडला. मी उलटसुलट विचारलं, मध्येच मुद्दाम चुकीचं बोलून बघितलं. ते दर वेळी शांतपणे दुरुस्त करायचे, "नाही जी, तसं नाही." इतका चांगला साक्षीदार मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"पोलीस आले तवा मी होतो कोठी? मी याले ऑटोत टाकून दवाखान्यात घेऊन गेलो. तथी सही बी मीच केली."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. सही कशावर, हे विचारायला हवं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला.

पुढे शपथपत्राच्या निमित्ताने ते चार-पाचदा माझ्या ऑफिसात आले. येताना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, पण नखांतला काळा रंग काही जायचा नाही. त्यांचं घराणं कोष्ट्यांचं. वडील हातमागावर बसायचे, स्वतः ते कामठीला पॉवरलूमवर होते. लूम बंद पडले तेव्हा मेहुण्याने कॉम्प्रेसर घेऊन दिला. बोलताना मात्र माग सुटायचा नाही. इतक्या अपघातांना तुम्हीच का धावता, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. म्हणाले, "धागा तुटला तं माग तथीच थांबवा लागते मॅडम. पाहून न पाह्यल्यासारखं विणत गेलं तं पुरं थान खराब होते."

वैशाली समोर बसून रडायला लागली की ते अस्वस्थ व्हायचे. "रडू नको वं माय. मी हाय ना सांगाले." एकदा ती म्हणाली, "काका, तुमाले कोर्टात भेव नाही वाटत?" ते म्हणाले, "भेव कायचं? जे पाह्यलं थे सांगायचं हाय. न पाह्यलेलं सांगा लागलं असतं तं आली असती पंचाईत."

मीही त्यांना तेच बजावलं होतं. विचारतील तेवढंच बोला, खरं बोला, काही लपवू नका. हा सल्ला मी सगळ्यांना देते. बहुतेक जण त्यातलं अर्धं पाळतात.

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपास सावकाश सुरू केला.

"मयताचे तुम्ही कोण?"

"कोणी नाही."

"ओळख होती?"

"त्याच दिवशी झाली. तो बेशुद्ध होता, म्हणून एकतर्फीच झाली म्हणा."

मागच्या बाकांवर कोणी तरी हसलं. वकिलांनी दवाखान्याची फाईल उघडली. ती फाईल मीच दाखल केलेली होती, उपचाराच्या खर्चासाठी. तिच्यातली बिलं मी दोनदा तपासली होती. बाकीची पानं मी चाळली होती, वाचली नव्हती.

"ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची ही सही कोणाची?"

"माही."

"सहीच्या वर काय लिहिलंय? मोठ्याने वाचा."

मोतीरामजींनी चष्मा लावला. "रुग्णाशी नाते, भाऊ."

मी माझ्या प्रतीत ते पान शोधू लागले.

"मग तुम्ही भाऊ आहात की कोणी नाही?"

"आता पाहा जी, काउंटरवरची पोरगी म्हणे, नातेवाइकाची सही पाहिजे, त्याबिगर फाईल वर जात नाही. कन्हानवरून याच्या घरचे येतपर्यंत हा राहते काय? म्हणून मी झालो भाऊ."

"म्हणजे खोटं लिहिलं."

"लिहिलं ना जी."

"असे आजपर्यंत किती जणांचे भाऊ झालात?"

मी हरकत घ्यायला उठले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी बोटांवर मोजून उत्तर दिलं, "चौघायचा. एका बाईचा सासरा बी झालो होतो. ते बाई वाचली."

सगळं कोर्ट हसलं. मोतीरामजीही हसले. त्यांना वाटलं, आपलं म्हणणं लोकांना पटलं.

जखमी माणसाचे उपचार नातेवाइकाच्या सहीसाठी अडवू नयेत असं कायदा सांगतो. कायदा मला पाठ आहे. काउंटरवरची मुलगी काय म्हणते ते मोतीरामजींना पाठ होतं. युक्तिवादात मी हे सगळं मांडलं. पोलिसांच्या कागदात त्यांचं नाव नाही, कारण ते त्या वेळी दवाखान्यात होते. दवाखान्यात होते याचा पुरावा एकच, ते संमतीपत्र. आणि त्याच संमतीपत्राने त्यांना खोटं ठरवलं. मी त्या मुलीला साक्षीला बोलावायचा प्रयत्न केला. ती नोकरी सोडून गेली होती. दवाखान्याने लेखी कळवलं, नातं जसं सांगितलं जातं तसं लिहिलं जातं.

निकाल विरोधात गेला. दावा फेटाळला. निकालाच्या शेवटाकडे एक ओळ होती. हा साक्षीदार सोयीप्रमाणे खोटी नाती लिहिणारा आहे आणि त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही.

निकाल इंग्रजीत होता. मोतीरामजींनी माझ्यासमोर बसून तो मराठीत सांगायला लावला. मी ती ओळ थोडी मऊ करून सांगितली. ते म्हणाले, "नाही जी, जशी हाय तशी सांगा." मग मी जशी होती तशी सांगितली. मी दाखवलेल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. म्हणाले, "मी अपघाताबद्दल काय सांगतलं, त्याचं त्यायनं काहीच नाही लिहिलं?"

"नाही."

"खोडता येते काय थे ओळ?"

"अपील करता येतं."

वैशालीसाठी मी हायकोर्टात अपील केलं. त्यात पहिला मुद्दाच हा घेतला की साक्षीदार विश्वासार्ह आहे. मोतीरामजींना तो मुद्दा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला. त्यानंतर तीन वर्षं ते दर महिन्याला फोन करायचे. "लागला का जी नंबर?" नंबर लागला नव्हता. वैशालीने तेवढे फोन केले नाहीत. ती तोवर कामठीत एका शिवणाच्या कारखान्यात लागली होती. तिला सुट्टी मिळायची नाही.

मग विमा कंपनीने लोकअदालतीत तडजोडीची तयारी दाखवली. दाव्याच्या निम्म्याहून बरीच कमी रक्कम. सासरच्यांनी वैशालीला वेगळं काढलं होतं, मुलगी शाळेत जायला लागली होती. अपिलाचा निकाल आणखी किती वर्षांनी लागेल आणि कसा लागेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. घे, म्हणून मीच तिला सांगितलं. आजही तोच सल्ला देईन. तिने सही केली आणि अपील तिथेच संपलं.

ही गोष्ट फोनवर सांगणं बरं नव्हतं, म्हणून मी दुकानावर गेले. मोतीरामजी एका स्कूटीचं चाक खोलत होते. मी तडजोडीचं सांगितल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला.

"पोरीचं झालं ना? बरं झालं बाप्पा. तिले आधार झाला." मग त्यांनी विचारलं, "आणि माह्यं?"

मी समजावलं. तडजोड झाली की कोर्ट कोण खरं आणि कोण खोटं ते बघत नाही. आधीचा निकाल दप्तरात तसाच राहतो.

"म्हणजे मी खोटाच राह्यलो."

"फक्त कागदावर, मोतीरामजी."

"मॅडम, कोर्टात कागदाबिगर दुसरं काय असते?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच विचारायचं होतं. त्यांनी पाना उचलला आणि चाकाकडे वळले. मी निघाले तेव्हा उठून 'या जी' म्हणाले, तेवढा रिवाज त्यांनी पाळला. फोन मात्र पुन्हा कधी केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. किडनीचा आजार होता, घरच्यांनाही उशिरा कळला. मला वैशालीने कळवलं. तेराव्याला मी कामठीला गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर मांडव. माणसं फार नव्हती. त्यांची बायको, अनसूयाबाई, मला आत घेऊन गेल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "मॅडम, एक गोष्ट विचारू? चौकात लोकं म्हणतात, यायनं पैसे घेऊन खोटी गवाही देल्ली, म्हणून कोर्टानं यायले झाडलं. मी यायले विचारलं तं म्हणत, तुले नाही समजत थे. शेवटपर्यंत नाही सांगतलं. तुमी सांगा. काय केलं होतं यायनं?"

मी सगळं सांगितलं. कार, ट्रक, ऑटो, दवाखाना, सही, कोर्टातलं हसणं, निकालातली ती ओळ आणि ती का चुकीची आहे. फाईल मी वाचली नव्हती हेही सांगितलं. इतक्या तळमळीने मी कोणत्याही न्यायाधीशासमोर बोलले नसेन.

माझं संपल्यावर त्यांनी पदराने चेहरा पुसला.

"पण मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी तं यायच्याच बाजूच्या वकील. तुमी असंच सांगान ना."